निरगुडीत 'निर्गुण' आहे का?

निरगुडी हा शब्द 'निर्गुण'वरून आला का, आणि आला असेल तर इतक्या गुणी झुडपाला असं नाव कुणी ठेवलं, असा प्रश्न आहे. सोबत, रानात ती ओळखायची कशी?

निर्गुणाशी तिचा संबंध नाही. मूळ संस्कृत शब्द निर्गुण्डी. मराठीत त्यातलं अनुनासिक गळालं आणि 'ड' तेवढा राहिला. निर्गुडी लिहा की निरगुडी, दोन्ही रूढ आहेत. 'गुड्' म्हणजे राखणे, म्हणून 'रोगांपासून राखते ती' अशी व्युत्पत्ती वैद्य सांगतात; मला ती गुण पाहून मागाहून बसवलेली वाटते. काही जण तिला निगडही म्हणतात. मात्र 'निगडित'मधला निगड वेगळा, त्याचा अर्थ बेडी.

आता ओळख. एका देठावर पंजासारखी पाच पानं, कधी तीनच; मधलं सर्वांत लांब. वरून हिरवी, खालून पांढुरकी, त्यामुळे वारा सुटला की सगळं झुडूप क्षणभर राखाडी दिसतं. कोवळी डहाळी बोटांत फिरवा, चौकोनी लागते. लागायचीच, कारण कूळ तुळशीचं. फुलांचे तुरे निळसर जांभळे. तरीही शंका राहिली तर पान चुरगळा. तो उग्र वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. त्या वासापायीच गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ती सोयीची. सुजलेल्या सांध्यावर पाला गरम करून बांधतात, पाल्याच्या काढ्यानं शेकतात, आणि वाळलेली पानं धान्यात घालतात, कीड लागू नये म्हणून.

जुने श्लोक वाचताना मात्र जपून. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पांढऱ्या फुलांची ती सिंदुवार, निळ्या फुलांची ती निर्गुंडी. आणि याच निळ्या निर्गुंडीला तिथे शेफालीही म्हटलंय. शेफाली म्हणजे प्राजक्त एवढंच ठाऊक असलेला वाचक तिथे हमखास चकतो.

निर्गुंडी हा शब्द परदेशीही गेला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात ती 'नेगुंदो' आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये तेच नाव शास्त्रीय नावात घेतलं, 'व्हायटेक्स नेगुंडो'. गंमत म्हणजे त्याच वेळी अमेरिकेतल्या एका मेपलच्या झाडालाही, पानं अशीच सुटी सुटी म्हणून, त्यानं 'एसर नेगुंडो' करून टाकलं.