तान्ह्या बाळाने काय पाप केलेलं असतं? ख्रिस्ती लोक ‘मूळ पाप’ म्हणतात ते नक्की काय?

तुम्ही मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गेलात, फादर ‘मूळ पापापासून मुक्ती’ असं काहीतरी म्हणाले, आणि दीड महिन्याच्या पोराने असं केलं तरी काय, हा प्रश्न घेऊन घरी आलात. शिवाय देवाने मना केलेलं फळ खाल्लं बायबलातल्या पहिल्या माणसाने, आदामाने, मग आपण कशाला भरायचं, आणि माणसाचा स्वभाव बिघडला तो कसा, हेही विचारलंय.

मी वसईचा, कॅथलिक. बाप्तिस्म्याला आम्ही स्नानसंस्कार म्हणतो. छोटं उत्तर असं की बाळाने काहीही केलेलं नसतं, आणि चर्चही तसं म्हणत नाही. 1992 च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आहे: मूळ पाप ‘केलेलं’ नसतं, ‘लागलेलं’ असतं. ती कृती नाही, अवस्था आहे. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपल्याकडे सुतक लागतं. ज्याला लागतं त्याने काय केलेलं असतं?

माझे काका तीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण देत होते. त्यांचा दाखला सातबाऱ्याचा. आजोबांनी कर्ज काढलं, बोजा चढला, नातू जन्मला तो त्या बोज्यासकट. नातवाने सही केली नव्हती, पण उतारा कोरा मिळत नाही. आदामाला देवाची जवळीक मिळाली होती, ती त्याने घालवली. जे त्याच्याकडेच उरलं नाही ते तो आपल्याला कुठून देणार? म्हणून कुणी न शिकवता पोरं खोटं बोलायला लागतात आणि चांगलं वागणं मात्र शिकवावं लागतं. स्वभाव बिघडला तो असा. तेही पुरता नाही, जखमी झाला, असं चर्च म्हणतं.

दाखला चांगला आहे. एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

1954 साली आजीला पहिला मुलगा झाला. जगला असता तर माझा मोठा काका. त्याचा धर्मपिता, म्हणजे स्नानसंस्कारात बाळाची जबाबदारी घेणारा, व्हायचं होतं आजीच्या भावाला, आणि तो बोटीवर नोकरीला. आठवड्याभरात येतो, असा निरोप होता. आजी म्हणाली, थांबू या. सहाव्या दिवशी पहाटे बाळ गेलं. खरं म्हणजे जिवाला धोका असेल तर पाणी कुणीही घालू शकतं. ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देतो’ म्हणत डोक्यावर पाणी ओतायचं, झाला स्नानसंस्कार. सुईणही घालू शकते, ती ख्रिस्ती नसली तरी. ओसरीवर पाण्याची कळशी भरलेली होती. त्या घाईत कुणाला सुचलं नाही.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे स्नानसंस्कार न झालेल्याला पवित्र भूमीत जागा नव्हती. घंटा वाजली नाही. आजोबांनी बाळ सिमेट्रीच्या भिंतीबाहेर, बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या, बाजूला पुरलं. आजीला सांगण्यात आलं की ते लिंबोत गेलं. म्हणजे नरकात नाही, तिथे यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही, कधीच.

मला आठवतं तेव्हापासून दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव सिमेट्रीत फुलं-मेणबत्त्या घेऊन जायचं आणि आजी आमच्या कबरीवरचं आटोपून भिंतीला वळसा घालायची. तिकडे वारा फार. ती नारळाची करवंटी न्यायची, तिच्यात मेण गाळून मेणबत्ती उभी करायची आणि वाऱ्याच्या बाजूला पदर धरून बसायची. पदराच्या त्या टोकाला मेणाचे डाग असायचे. ती भावाशी पुढे कधी नीट बोलली नाही. स्वतःला मात्र जास्त बोल लावायची.

आता काकांकडे येतो. त्यांचं म्हणणं, लिंबो हा चर्चचा सिद्धांत कधी नव्हताच, ते फक्त धर्मपंडितांचं मत होतं. हे खरं आहे. पण मग भिंतीबाहेर कुणी पुरायला लावलं, मतानं?

हे सगळं सुरू होतं उत्तर आफ्रिकेतल्या बिशपापासून, संत ऑगस्टीनपासून (354 ते 430). माणूस थोर, पण ग्रीक बेताचंच. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 5:12 मध्ये संत पौल म्हणतो की मरण सर्वांवर आलं, कारण सर्वांनी पाप केलं. मराठी बायबलातही ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ असंच आहे. ऑगस्टीनच्या हातातल्या लॅटिन भाषांतरावरून मात्र त्याने अर्थ लावला: ‘ज्याच्यात’ सर्वांनी पाप केलं, म्हणजे आदामात. झालं, बोजाबरोबर गुन्हाही वारसांच्या नावावर चढला. पेलागियस नावाचा संन्यासी म्हणत होता की बाळं निर्दोष जन्मतात, आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिलं. 418 साली कार्थेजच्या परिषदेने ते मत धुडकावलं. ऑगस्टीनच्या मते स्नानसंस्काराविना गेलेली बाळं नरकातच जाणार, फक्त सर्वांत सौम्य शिक्षेला. मध्ययुगातल्या पंडितांना हे सोसवेना म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात सुसह्य जागा काढली, ती लिंबो. म्हणजे आजीला जे सांगून रडवलं, ते मुळात दया म्हणून निघालेलं होतं!

काका म्हणतात, तू पेलागियसच्या बाजूचा. मी नाही. माणूस जन्मतः कोरा करकरीत असतो यावर माझा विश्वास नाही; भाऊबंदकीच्या दाव्यात जो चार दिवस कोर्टात बसला असेल त्याचा बसणारच नाही. माझं भांडण एवढंच की बोजा वेगळा आणि गुन्हा वेगळा. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती हे पहिल्यापासून म्हणत आलेत: आदामाकडून मरण आलं, दुबळेपणा आला, दोष त्याचा त्याच्याकडे. बायबलातल्या यहेज्केलच्या 18 व्या अध्यायातही आहेच, बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही.

आणि ‘तुमच्यात बाळसुद्धा पापी’ म्हणून हसणाऱ्यांनी सत्यनारायणाच्या पूजेत प्रदक्षिणा घालताना आपण काय म्हणतो ते आठवावं. ‘पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः’. ऑफिसातल्या पूजेत मी ते ऐकलं तेव्हा वाटलं, हा तर आमचाच माणूस. फरक आहे, तुमच्याकडे मागच्या जन्मीचं का होईना, स्वतःचंच असतं.

एप्रिल 2007 मध्ये बातमी आली: पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने धर्मपंडितांच्या आयोगाने म्हटलं की अशी बाळं तरतील अशी आशा धरायला भक्कम आधार आहे. पेपर घेऊन मी आजीकडे गेलो. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे. दोनदा वाचून दाखवलं. ती आमच्या बोलीत म्हणाली, इथे साध्या मराठीत देतो: “म्हणजे मेणबत्ती आता आतल्या बाजूला लावायची का?”

काका म्हणाले, 1983 च्या धर्मसंहितेपासूनच अशा बाळांना बिशपांच्या परवानगीने रीतसर दफन मिळतं. चोवीस वर्षं हे ठाऊक असून आईला सांगितलं नव्हतं. विषय निघाला नाही, म्हणे.

हे सगळं कॅथलिकांचं झालं. प्रोटेस्टंटांत पंथागणिक फरक. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या सुधारकाच्या परंपरेतले स्वभाव पुरता बिघडला असं मानतात, बाप्टिस्ट तर तान्ह्या बाळांना बाप्तिस्माच देत नाहीत. त्यांचं त्यांना विचारा. तुमच्या मैत्रिणीला मात्र यातलं काही ऐकवू नका, पेढे घेऊन जा.

आजी 2011 ला गेली. नंतर सिमेट्री वाढवली, बावखलाकडची भिंत पाडून पुढे नेली. काका म्हणतात, ती जागा आता आत आली. मी पावलं मोजली आहेत. नाही आली.