हात चालत नाही म्हणून समजत नाही, असं कुणी ठरवलं?

प्रश्न : ताई, आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. लेकीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, आता ८ वर्षांची झाली. हात तिच्या मनासारखे चालत नाहीत, मान डुलते, बोलणं नाही. एका ठिकाणी बुद्धीची टेस्ट केली, चित्रावर बोट ठेव म्हणाले ते तिला जमलं नाही, वर सगळं कन्नडात विचारलं, आमच्या घरी मराठीच. रिपोर्टात 'तीव्र बौद्धिक अक्षमता' लिहून आलं. पण बाबांची गाडी वाजली की ती दाराकडे बघतीय, आजीनं गोष्ट चुकवली की हसतीय. कुणीतरी डोळ्यांवर चालणारं सॉफ्टवेअर सांगितलंय. घेऊ का? त्यानं खरं कळेल का?

उत्तर : ताई, तुमचा राग बरोबर आहे. बोट ठेवायला सांगून जी टेस्ट झाली ती तिच्या हाताची झाली, आणि घरात न बोलली जाणारी भाषा वापरली म्हणजे उरलेलं पण गेलं. गोष्ट चुकली म्हणून हसायला आधी ती गोष्ट लक्षात असायला लागते की! तो रिपोर्ट शेवटचा मानू नका.

आता ते मशीन. स्क्रीनखाली एक पट्टी बसते, ती डोळ्यांवर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकते, बुबुळावर त्याचा बारीक ठिपका उमटतो आणि कॅमेरा तो ठिपका नि बाहुली यांवरून नजर कुठं आहे ते काढतो. आधी स्क्रीनवरच्या ठरलेल्या ठिपक्यांकडे बघायला लावून कॅलिब्रेशन करतात, म्हणजे मशीन तिच्या नजरेशी जुळवून घेतात. मग चार चित्रं दाखवून 'कुत्रा कुठाय?' विचारायचं. नेदरलँड्समध्ये सी-बिल्ट नावाची टेस्ट अशाच मुलांसाठी केलीय, बोललेलं समजतंय का ते बघायला, आणि उत्तर हातानं, स्विचनं नाहीतर नजरेनं दिलं तरी चालतं.

पण नजर गेली म्हणजे उत्तर दिलं असं नाही हो. भडक रंगाकडे कुणाचीही नजर जाते. चार चित्रांत नुसत्या अंदाजानंसुद्धा सरासरी २० पैकी ५ बरोबर येतात, म्हणून चित्रांच्या जागा बदलून, वेगळ्या दिवशी, परत विचारायला लागतं. दुसरं म्हणजे या मुलांत मेंदूमुळे दिसण्याचा त्रास बराच असतो, डोळा चांगला पण बघितलेलं मेंदूला नीट लागत नाही, आणि मग मशीन 'समजत नाही' सांगतं पण खरं तर तिला दिसतच नसतं. तिरळेपणा असेल तर एकाच डोळ्यावर कॅलिब्रेशन करता येतं. मान डुलली की कॅमेऱ्याला डोळे सापडत नाहीत, तेव्हा आधी खुर्ची आणि मानेचा आधार नीट पाहिजे, नाहीतर सगळी ताकद मान सावरण्यातच जाते.

म्हणून लगेच पैसे घालू नका. २०२४ पासून नव्या आयफोन-आयपॅडमध्ये नजरेनं चालवायची सोय आलीय, पण ती पुढच्या साध्या कॅमेऱ्यावर चालते, मान हलणाऱ्या मुलीला तिथं दमायला होईल. आधी फुकटातलं करा. एक पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा घ्या, चार कोपऱ्यांत घरातल्याच वस्तूंचे फोटो चिकटवा, आजीचा चष्मा, बाबांची गाडी, भाकरी, कुत्रा. तुम्ही पत्र्याच्या पलीकडं तिच्यासमोर बसा, एकच शब्द विचारा आणि थांबा. या मुलांना उत्तर द्यायला वेळ लागतो, आपण मधेच परत विचारतो आणि तिचं चाललेलं तुटतं. विचारताना तुमची नजर उत्तराकडे जाऊ देऊ नका, तिच्या डोळ्यांकडेच बघा. मोबाईलवर व्हिडिओ काढा, बरोबर-चूक दोन्ही ठेवा.

मग आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी, आणि नंतर स्पीच थेरपिस्ट. मैसूरला केंद्र सरकारची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे, तिथं जायचं ठरलं तर आधी फोन करून नजरेनं तपासणी होते का, मराठी जाणणारं कुणी असेल का ते विचारा. नसेल तर तुम्ही शेजारी बसून शब्द बोलायचे, पण खुणा न करता. जुना रिपोर्ट, व्हिडिओ आणि तिला घरात कळणाऱ्या शब्दांची यादी सोबत घ्या, यादी तुमच्याच बोलीत, पुस्तकी मराठीत नको. आणि नव्या रिपोर्टात उत्तरं कशी घेतली, कुठल्या भाषेत विचारलं, हे लिहून द्यायला सांगा, ते नसेल तर सही व्हायच्या आधीच मागा.