‘जमल्यास’ हा शब्द वेळापत्रकातून काढ

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असून पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. सोबत माझे वेळापत्रक आणि एका दिवसाची नोंद जोडली आहे. रोज नऊ तास अभ्यास करायचे ठरवते, प्रत्यक्षात जेमतेम चार तास होतो. चित्रकला सुटली, मैत्रिणींना भेटणे सुटले, तरीही वेळ पुरत नाही. परीक्षेत यश मिळेपर्यंत बाकी सगळे बाजूला ठेवायची माझी तयारी आहे. दिवसातले आणखी एक-दोन तास कसे वाचवता येतील?

उत्तर : तुझे वेळापत्रक समोर ठेवून मी आधी साधी बेरीज-वजाबाकी केली. आठवड्याचे एकूण तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर त्यातले ५६ गेले. कॉलेज आणि जाण्यायेण्याचे, तूच दिलेल्या हिशेबाप्रमाणे, ४० तास. जेवण, आंघोळ आणि घरातली कामे यांसाठी २० तास धरले, तेही हात आखडता घेऊनच. उरले ५२. तू मात्र एकट्या अभ्यासाला ६३ तास दिले आहेस. वरचे ११ तास झोपेतून काढलेले आहेत, म्हणून तुझ्या कागदावर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा एवढीच झोप दिसते. वेळापत्रक पाळले जात नाही याचा दोष तू पत्रात चार ठिकाणी स्वतःच्या आळसाला दिला आहेस; पण जे आठवड्यात मावतच नाही ते कोणी पाळावे कसे? (विद्यार्थी असताना मीही असेच एक वेळापत्रक केले होते. ते रंगवण्यात दोन तास गेले आणि तिसऱ्या दिवशी ते बदलावे लागले.)

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना बहुतेक माणसे चुकतात, आणि ती नेहमी एकाच बाजूला चुकतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारले होते की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. सगळ्याच गोष्टी बिनसल्या तर किती लागतील, या प्रश्नाचे उत्तर होते सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५हून अधिक. म्हणजे वाईटात वाईट धरून बांधलेला अंदाजही कमीच पडला. तेव्हा पुढचे दोन आठवडे एकच कर : प्रत्येक प्रकरण सुरू करताना समासात अंदाजाचा वेळ लिही आणि संपल्यावर त्याच्याशेजारी खरा लागलेला वेळ लिही. या दोन आकड्यांतले अंतर कळले की पुढचे नियोजन कोणाच्या सल्ल्याशिवाय तुझे तुलाच जमेल.

आता तुझ्या त्या एका दिवसाच्या नोंदीकडे वळतो, कारण इतक्या प्रामाणिक नोंदी मला फारशा पाहायला मिळत नाहीत. दुपारी चार ते सात या रकान्यात तू ‘अभ्यास’ असे लिहिले आहेस आणि खाली बारीक अक्षरात, ‘११ पाने, मोबाइल १९ वेळा’. या तीन तासांत धड अभ्यास झाला नाही, विश्रांतीही मिळाली नाही, आणि सात वाजता उठताना मनात अपराधीपणा तेवढा उरला. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये सरकारी कारभारावर थट्टेच्या सुरात लिहिताना असे निरीक्षण मांडले होते की कामाला जेवढा वेळ द्यावा तेवढे ते पसरते. अभ्यासालाही हे तंतोतंत लागू पडते. तीन तासांच्या सलग बैठकीऐवजी पन्नास मिनिटांच्या दोन बैठका ठेव, मध्ये दहा मिनिटे खोलीबाहेर जा, आणि दुसरी बैठक संपल्यावर पुस्तक खरोखरच मिट, मग चार ओळी राहिल्या असल्या तरी चालतील. मोबाइलबद्दल उपदेश करत नाही. तो त्या वेळापुरता दुसऱ्या खोलीत ठेव.

त्या दोन बैठकांत काय करायचे, हेही महत्त्वाचे आहे. तू लिहितेस की प्रत्येक धडा चार वेळा वाचतेस. २००६च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. तेव्हा दोनदा वाच, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. लिहिताना अडखळायला होते, काही येत नाही असे वाटते. पण तुला हवे असलेले तास वाचणार आहेत ते इथेच.

माझ्या मते त्या ५२ तासांची विभागणी अशी असावी : अभ्यासाला ३६, चित्रकला आणि मैत्रिणींसाठी ६, आणि १० कोणाच्याही नावावर न टाकलेले, कारण अंदाज चुकणार आहेत आणि पाहुणे, आजारपण, अचानक निघालेली कामे यांनाही कुठेतरी जागा लागते. ६३ वरून ३६ वर येताना तुझ्या पोटात गोळा येईल. पण आज तुझा अभ्यास, तुझ्याच म्हणण्यानुसार, २८ तासांच्या आसपास आहे.

वेळापत्रकाच्या अगदी तळाशी, रात्री अकरा ते साडेअकरा या रकान्यात, तू ‘चित्रकला (जमल्यास)’ असे लिहिले आहेस. दिवसभराच्या शेवटी, थकलेल्या हाताला आणि तेही कंसात मिळालेली गोष्ट कधीच जमत नसते. वाचवलेल्या वेळाला मालक नसेल तर तो पुन्हा कामाच्याच घशात जातो, म्हणून तुला आणखी एक-दोन तास वाचवून दिले तरी तेही असेच जातील. बुधवारी संध्याकाळचा दीड तास आणि रविवारी सकाळचे दोन तास चित्रकलेसाठी आधी कागदावर मांड आणि त्यांच्याभोवती अभ्यास बसव. उरलेले अडीच तास मैत्रिणींचे.

यश मिळेपर्यंत सगळे बाजूला ठेवण्याच्या तुझ्या तयारीची मला थोडी काळजी वाटते. प्रवेशानंतर पदव्युत्तर शिक्षण येते, मग पहिली नोकरी, मग बढती, आणि या प्रत्येक टप्प्यावर आनंद पुढच्या टप्प्यावर ढकलायला सबळ कारण असतेच. माझ्याकडे पस्तिशीतले लोक करिअर बदलायचे म्हणून येतात. बोलता बोलता लक्षात येते की त्यांतल्या काहींना काम नकोसे झालेले नसते. कामाव्यतिरिक्त त्यांच्याकडे काही उरलेलेच नसते.

परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मात्र अपवाद समज. तेव्हा बुधवारचा दीड तास अभ्यासाला द्यायला हरकत नाही. रविवारचे दोन तास आणि आठ तासांची झोप यांना हात लावू नकोस.