१५० अंशाला फोम भार पेलेल का, हे डेटाशीटवरून कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेटाशीटवर फोमची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ (दाब सोसण्याची ताकद) १.५ मेगापास्कल आणि कमाल तापमान १८० अंश सेल्सिअस दिलंय. तुमच्या भागावर १५० अंशाला ०.४ मेगापास्कल दाब येणार आहे, तोही तासन्‌तास. जवळजवळ चौपट मोकळीक दिसते, मग हा फोम घ्यावा का?

एवढ्या माहितीवर घेऊ नका. हे दोन आकडे एकत्र मोजलेले नसतात. १.५ हा खोलीच्या तापमानाचा आकडा, आणि ती चाचणी काही मिनिटांत संपते. १८० हा बऱ्याचदा भार न ठेवता, नुसतं तापवून आकार टिकतो का ते पाहून दिलेला असतो. तुमच्या भागाला मात्र भार, उष्णता आणि वेळ हे तिन्ही एकदम सोसायचे आहेत.

मी सँडविच पॅनेलच्या कोअर फोमच्या, म्हणजे दोन पातळ पत्र्यांमधल्या हलक्या गाभ्याच्या, चाचण्या करतो, म्हणून आत काय घडतं ते सांगतो. सॅम्पल दाबायला लागलं की सुरुवातीला भार आणि दबणं यांचा आलेख सरळ चढतो. फोममधल्या पेशींच्या, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या, भिंती नुसत्या वाकत असतात. मग सगळ्यांत कमकुवत थर चेपून खाली बसतो आणि सॅम्पलच्या बाजूला एक आडवी पट्टी दिसू लागते. भार वाढत नाही, पट्टी मात्र शेजारचे थर गिळत रुंद होत जाते. सगळ्या पेशी चपट्या होऊन भिंतीला भिंत टेकली की भार पुन्हा झपाट्याने चढतो. आयएसओ ८४४ या चाचणीच्या मानकात १० टक्के दबण्याच्या आत आलेला सर्वाधिक ताण ही स्ट्रेंथ धरतात. तसं शिखर आलंच नाही, तर १० टक्क्यांवरचा ताण देतात. म्हणजे छापलेल्या आकड्याला फोम कदाचित आधीच बसायला लागलेला असतो.

गरम असताना हाच आलेख खाली सरकतो आणि त्याचा कोपरा बोथट होतो. पण तुमच्यासाठी खरी गोष्ट वेगळी आहे: स्थिर भार ठेवून वाट पाहिली तर काहीच तुटत नाही, आवाज नाही, तडा नाही, तरी डायल गेजचा काटा थांबत नाही. हा क्रीप. अर्ध्या स्ट्रेंथच्या खालीही तो होतो, आणि पॉलिमरच्या ग्लास ट्रान्झिशन तापमानाच्या (ज्याच्या वर कडक प्लास्टिक मऊ पडतं) जवळ जाल तसा झपाट्याने वाढतो.

घनता वाढवून भागेल का? काही अंशी. ओपन सेल (पेशी एकमेकींत उघडणाऱ्या) फोमचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, साधारण घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. क्लोज्ड सेल (बंद पेशींच्या) कडक फोममध्ये वाढ त्याहून सौम्य असते. पीएमआय (पॉलिमेथॅक्रिलिमाइड) या कडक क्लोज्ड सेल फोमचंच बघा: ७५ किलो प्रति घनमीटरच्या फोमचा मॉड्युलस ९० मेगापास्कलच्या आसपास आणि ११० च्या फोमचा सुमारे १६०. म्हणजे उष्णतेने मॉड्युलस निम्म्यावर आला, तर जड ग्रेड घेऊन तो भरून काढता येतो. पण ग्लास ट्रान्झिशन ओलांडलं की भिंतीचं द्रव्यच शेकडो पटींनी मऊ पडतं. तिथे घनता वाढवून काही उपयोग नाही, पॉलिमरच बदलावा लागतो.

त्यात क्लोज्ड सेल असेल तर आत अडकलेल्या वायूचाही विचार करा. २० अंशांवरून १५० ला नेताना त्याचा दाब सुमारे १.४५ पट होतो. कडक भिंतीला त्याचं काही वाटत नाही. मऊ पडलेली भिंत फुगते, आणि पॅनेल वाकतं.

आता पॉलिमर कोणता घ्यायचा ते बघू. पीईआय (पॉलिइथरइमाइड) या पॉलिमरचं ग्लास ट्रान्झिशन २१७ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे १५० ला त्याच्याकडे बरंच अंतर शिल्लक राहतं. उष्ण प्रक्रिया केलेले पीएमआय ग्रेडही १८० अंशांच्या ऑटोक्लेव्ह क्युअरिंगमध्ये (दाबाच्या भट्टीत रेझिन पक्कं करताना) वापरतात, पण पीएमआय ओलावा शोषतो आणि पाणी त्याला मऊ करतं. तापवण्याआधी तो ओव्हनमध्ये नीट सुकवलाच पाहिजे. माझ्या मते लोक सर्वांत जास्त हलगर्जी इथेच करतात. मेलामाइन आणि मऊ पॉलिइमाइड फोम उष्णतेला उत्तम आहेत, पण ते इन्सुलेशनसाठी. भार त्यांच्यावर टाकू नका. फिनॉलिक फोम आगीत चांगला, पण ठिसूळ, कडांना भुगा पडतो.

उत्पादकाकडे एकच गोष्ट ठामपणे मागा: १५० अंश, ०.४ मेगापास्कल, आणि तुम्हाला लागतील तितक्या तासांचा क्रीपचा आलेख. मिळाला नाही तर स्वतः चाचणी करा. फोम स्वतःच उष्णतारोधक असल्याने ५० मिलिमीटरच्या ठोकळ्याचा गाभा तापायला अर्धा तास सहज लागतो. ओव्हनचं तापमान बघून भार ठेवू नका, मध्यभागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालून तिथलं तापमान बघा. सॅम्पलही प्रत्यक्ष भागात भार ज्या दिशेने येतो त्याच दिशेने कापा. फोम बनवताना तो फुगतो तेव्हा पेशी एका दिशेला लांबट झालेल्या असतील, तर त्या दिशेला फोम जास्त ताठ असतो आणि आडव्या दिशेला कमी.

तुमचा भार नुसता दाबाचा आहे की कातराचाही (थर एकमेकांवर सरकवणारा, म्हणजे शिअर), ते कळवा. कातर असेल तर कॉम्प्रेशनचे आकडे पुरणार नाहीत, शिअर मॉड्युलसही १५० अंशालाच मोजलेला लागेल.