वडिलांची जुनी बुलेट रोजच्या वापरासाठी बदलून घ्यायची आहे, पण तिचा मूळ ढंग जायला नको. कुठे हात लावावा, कुठे लावू नये?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1984 ची 350 स्टँडर्ड आहे, वडिलांनी नवी कोरी घेतलेली, गेली दहा वर्षं घरात उभी. आता ती रोज ऑफिसला न्यायची आहे. गॅरेजवाला म्हणतोय मागची चासी कापून 'कॅफे रेसर' (आखूड शेपटीची, पुढे वाकून चालवायची रेसिंगछाप गाडी) करू, आणि तुमचं मन काही धजत नाहीये.

धजू देऊ नका. कापाकापीला आधी नकार कळवा, मग पुढचं वाचा.

माझ्याकडे 1978 ची आहे, आमच्या अण्णांची. मी तिच्यावर गेली अकरा वर्षं काम करतोय आणि तीही रोज रस्त्यावर असते. या काळात मी एकच नियम पाळायला शिकलो: जे बदलाल ते एका रविवारी, हातातल्या पान्यांनी, परत मूळ जागी आणता आलं पाहिजे. ग्राइंडर, वेल्डिंग आणि ड्रिल या तीन गोष्टी गाडीच्या मूळ भागांना लागल्या की परतीची वाट बंद. नटबोल्टने होणारा कुठलाही बदल मात्र खुशाल करून पाहा, आवडला नाही तर काढून टाका. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर नाव लिहून एका खोक्यात ठेवा. माझ्या घरी माळ्यावर असं खोकं आहे आणि त्यातला निम्मा माल मी आजवर कधी ना कधी परत गाडीला लावलाय.

हा नियम मला नुकसान सोसून कळला. सुरुवातीला मी गाडी एका नावाजलेल्या वर्कशॉपात दिली होती. मागचा मडगार्ड 'थोडा छोटा' करतो म्हणाले. मी हो म्हटलं. जाड पत्र्याचा, मूळ वळणाचा मडगार्ड त्यांनी अर्ध्यावर कापला, साडी गार्ड भंगारात टाकला आणि नंबर प्लेटचा कंस वाकवून सीटखाली वेल्ड केला. पावसाळ्यात मागे बसणाऱ्याच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उमटायचा. तसा मडगार्ड परत मिळवायला मला दीड वर्ष लागलं. पुण्याच्या नाना पेठेत किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशोब नाही. नवे पत्रे मिळतात, पण हाताला पातळ लागतात आणि कडेचा गोल वळसा बसत नाही. शेवटी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जुन्या गाडीचा सांगाडा सापडला, त्याचा काढला.

साडी गार्डचं मुद्दाम सांगतो, कारण लोक तो पहिल्यांदा फेकतात. आई त्याच्यावर पाय ठेवून, एका बाजूला बसून, मला मांडीवर घेऊन माहेरी जायची. तो त्या गाडीच्या चेहऱ्याचा भाग आहे. शिवाय मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला, पाय ठेवायला काही हवं आणि मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, असं मोटार वाहन नियमच सांगतात.

आता 'मूळ ढंग' म्हणजे काय, यावर थोडा विचार करा. बुलेट हे नाव इंग्लंडमध्ये 1932 पासूनचं. भारतात 1955 पासून मद्रासला गाड्या जुळवायला सुरुवात झाली, पुढे सगळंच तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात बनू लागलं. तिकडचा मूळ कारखाना 1970 च्या सुमारास बंद पडला आणि इकडे तीच गाडी जवळजवळ त्याच रूपात पुढची चाळीस वर्षं निघत राहिली. पण 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा. त्या काळात कारखान्यानेच 6 व्होल्टचे 12 व्होल्ट केले, पुढचा ब्रेक 6 इंचांवरून 7 इंचांवर नेला, नंतर डिस्क आणली, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं, पाच गिअर आणले, बटन स्टार्ट आणला. म्हणजे सुधारणेसाठी दुसऱ्या गाडीचे भाग शोधायची गरजच नाही. तिच्याच धाकट्या बहिणींच्या अंगावरचं बरंचसं तिला बसतं आणि शोभतंही.

पहिला बदल करा तो ब्रेकचा. 6 इंची पुढचा ड्रम आजच्या रस्त्यावर कमी पडतो, यात भावनेला जागा ठेवू नका. माझी गाडी एकदा नाक्यावर अचानक थांबलेल्या टेम्पोमागे हातभर अंतरावर थांबली, तेव्हा लिव्हर हँडलला टेकली होती. मी नंतरच्या मॉडेलचा 7 इंची, दोन कॅमचा ड्रम लावला. त्यात दोन्ही ब्रेक शू चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढले जाऊन ड्रमला घट्ट बसतात, त्यामुळे तेवढ्याच जोरात जास्त पकड मिळते. दिसायला तो त्याच घराण्यातला, रुंद पॉलिश केलेल्या हबचा. अनोळखी माणूस बघून 'मूळच आहे का?' असं विचारतो. मात्र हब एकीकडून, प्लेट दुसरीकडून असं जमवू नका. हब, ब्रेक प्लेट, फोर्कचा खालचा पाय आणि केबल असा पूर्ण संच एकाच गाडीचा घ्या, नाहीतर प्लेट अडकवायच्या खुंटीपाशी घोळ होतो. चाक 19 इंचीच ठेवा. टायर 3.25 चा. मागे रुंद टायर घातला की चेनगार्डला घासतो आणि वळणावर गाडी ओझ्याच्या बैलासारखी जड होते.

दुसरा बदल वायरिंगचा. तुमची गाडी 6 व्होल्टवर असेल तर रात्री हेडलाइट म्हणजे समईच. 12 व्होल्ट करताना स्टेटर, रेग्युलेटर-रेक्टिफायर, इग्निशन कॉइल, बॅटरी, हॉर्न आणि बल्ब एवढं बदलतं. यातलं काहीही बाहेरून दिसू देऊ नका. रेग्युलेटर सीटखाली, बॅटरी तिच्या मूळ पेटीत. हेडलाइटची काच आणि रिंग जुनीच, आत कमी वॉटचा, पिवळसर प्रकाशाचा एलईडी. पांढऱ्या निळसर उजेडाचा बल्ब घातलात तर गाडीचं तोंडच परकं दिसतं. हेडलाइट, स्पीडोमीटर, अँपिअर मीटर आणि ते दोन छोटे पायलट दिवे ज्या एका ओतीव भागात बसतात, त्याला भोक पाडून मोबाइलचा चार्जर बसवायचा मोह होईल. चार्जर हवाच असेल तर हँडलला क्लिपने लावा.

तिसरी गोष्ट इग्निशनची. इथे मी चुकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पॉइंट्सची (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या संपर्क-पट्ट्यांची) कटकट नको म्हणून मी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवला. उत्तम चालायचा. गाडी कधी अडली नाही. अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. ते एका सकाळी दुकानात जायला निघाले, स्टँड काढला, चावी फिरवली आणि तसेच उभे राहिले. किक मारेनात. मी खिडकीतून बघत होतो. शेवटी खाली गेलो तर म्हणाले, 'काटा का मेलाय?'

ज्यांनी बिडाच्या इंजिनाची बुलेट चालवली आहे त्यांना कळेल. चावी लावली की अँपिअर मीटरचा काटा डावीकडे झुकतो, कारण पॉइंट्स जोडलेले असतात आणि कॉइलमधून करंट वाहत असतो. मग किक सावकाश दाबत न्यायची. पॉइंट्स उघडले की काटा टुणकन मध्यावर येतो. पिस्टन वर आल्याची ती खूण. तिथे डाव्या हाताने डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी छोटी लिव्हर) ओढायचा, किक बोटभर पुढे सरकवायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक पूर्ण वर घ्यायची आणि मग एकच, शांत, पूर्ण किक. अण्णा चाळीस वर्षं हे त्या काट्याकडे बघून करत होते. नव्या संचात कॉइलला तसा सतत करंट जात नव्हता, त्यामुळे काटा हललाच नाही. गाडी बाहेरून तंतोतंत जुनी दिसत होती आणि तिच्या मालकाला ती चालू करता येत नव्हती.

त्याच आठवड्यात मी पॉइंट्स परत लावले. खोक्यात होतेच. नवा कंडेन्सर टाकला, गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवली, कॅमच्या वंगणाच्या पट्टीला दोन थेंब तेल दिलं. दर दोन-तीन महिन्यांनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघतो, दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावू नका असं मी म्हणत नाही. ऑफिसला वेळेत पोचायचं असेल तर त्याचा फायदा आहे. पण आधी वडिलांना विचारा, ते गाडी कशी चालू करायचे. त्यांच्यासमोर, त्यांच्या पद्धतीने, वीस-पंचवीस वेळा चालू करून बघा. मग ठरवा.

गिअरचंही तसंच. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक, पहिला वर आणि बाकी तीन खाली. शिवाय टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर. गिअर डावीकडे आणून देणारे मिस्त्री आहेत, मधून दांडा फिरवून जोडतात. त्याने गिअर पायाला ढिला लागतो आणि पाय चुकतो. दोन आठवडे मोकळ्या रस्त्यावर सराव करा, अंगवळणी पडतं. घरात दुसरी गाडीही असेल तर सुरुवातीला एकाच दिवशी दोन्ही चालवू नका, घाईत ब्रेकच्या जागी गिअर दाबला जातो.

सायलेन्सर. तुमच्या मित्रांपैकी कोणीतरी इंदोरी, म्हणजे मोठ्या आवाजाचा मोकळा सायलेन्सर, लावायला सांगेलच. त्या गाडीचा ठेका येतो तो 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकमधून, जड फ्लायव्हीलमधून आणि संथ आयडलिंगमधून. मोकळी नळी लावली की तो ठेका गोंगाटात बुडतो. कार्ब्युरेटरचा जेट न बदलता नळी मोकळी केली तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ताण येतो. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात ते वेगळंच. लांब मूळ आकाराचा सायलेन्सर लावा, आयडलिंग मेहनतीने खाली आणा. मग संध्याकाळी गल्लीत शिरताना घरच्यांना कळतं कोण आलंय.

रंगाबद्दल: आरसीवर जो रंग आहे तोच पुन्हा द्या. बदलायचाच असेल तर आधी आरटीओत नोंद करावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगा फरक करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. तुमच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहे, तेव्हा इन्स्पेक्टर चासी नंबर तपासतात. म्हणून चासीला पावडर कोटिंग करण्याआधी नंबरावर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा आणि स्वतः उभं राहून बघा. एकदा त्या अक्षरांत थर बसला की ती पुसट होतात आणि घासून काढायला गेलात तर संशय येतो.

टाकीवरच्या सोनेरी रेषा स्टिकरने मारू नका. कारखान्यात त्या हाताने ओढल्या जायच्या आणि एका कुटुंबातल्या भावांनी वडिलांकडून शिकून ती कला चालवली. आमच्या गावात साइनबोर्ड रंगवणारे एक काका आहेत, त्यांना मी टाकी नेऊन दिली. त्यांनी करंगळी टाकीवर टेकवली, लांब केसांचा ब्रश रंगात बुडवून दोनदा काचेवर ओढून पाहिला आणि मग श्वास रोखून गुडघ्याच्या खळग्यापासून पुढपर्यंत एका दमात रेष नेली. वळणावर ती केसभर जाड झाली आहे. तिथे बोट फिरवलं की रंगाची कड लागते. तुमच्याकडेही असा एखादा पेंटर अजून नक्की असेल, फ्लेक्स आल्यापासून बसून असतील. त्यांना काम द्या.

दहा वर्षं उभी आहे म्हणता, तर टाकीत गंज असणार. आतून साफ करून घ्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्याने जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात, ते सगळे नवे टाका. इंजिन ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका.

आणि लगेच काही विकत घेऊ नका. आधी सर्व बाजूंनी फोटो काढा, ब्रेक, टायर, केबल नीट करून पाचशे किलोमीटर जशी आहे तशी चालवा. काय खुपतंय ते गाडीच सांगेल. मला वाटतं ब्रेक आणि दिवे सोडले तर तुमची यादी निम्म्यावर येईल. मागच्या मडगार्डचा आणि हेडलाइटच्या भागाचा फोटो प्रतिक्रियेत टाका. मूळचे आहेत का ते सांगतो, आणि साडी गार्ड निघालेला असेल तर माझ्या माळ्यावर एक जादा आहे.