‘बोरॉन-डोप्ड’ हिरा: भेसळ की विरजण?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. रबाळ्यातल्या कारखान्यासाठी त्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं माहितीपत्रक मराठीत आणताहेत. त्यातले इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात वीज सोडणारे भाग, ‘बोरॉन-डोप्ड सिंथेटिक डायमंड’चे आहेत. म्हणजे घडवलेल्या हिऱ्यात बोरॉन हे मूलद्रव्य मुद्दाम थोडंसं घातलेलं. ‘बोरॉनची भेसळ केलेला कृत्रिम हिरा’ चालेल का?

ताई, ‘कृत्रिम’ खुशाल ठेवा. ‘कृ’ म्हणजे करणं. जे केलं, घडवलं ते कृत्रिम. खोटा म्हणायचा तो झिर्कोनियाचा खडा, त्यात कार्बनच नसतो. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून (विद्युतभारित तप्त वायूतून) थरावर थर चढवून वाढवलेला हिरा अस्सल कार्बनचाच असतो.

‘भेसळ’ मात्र काढाच. भेसळ लपूनछपून होते आणि तिने मालाचा कस उतरतो. इथे कस चढतो. शुद्ध हिरा विजेचा दुर्वाहक, हे शाळेत शिकलो ते खरंच आहे. प्रत्येक कार्बन अणूचे बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बांधलेले. त्यातला एक मोकळा करायला सुमारे 5.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात. सिलिकॉनमध्ये 1.1 पुरतात. बोरॉनकडे असे तीनच इलेक्ट्रॉन. तो कार्बनच्या जागेवर बसला की एक जागा रिकामी राहते, शेजारचा इलेक्ट्रॉन तिथे सरकतो, मग त्याची जागा रिकामी होते. या सरकत्या रिकाम्या जागेमुळेच हिरा वीज वाहू लागतो. दहा लाख कार्बन अणूंमागे एखादा बोरॉन असला तरी फरक पडतो. प्रसिद्ध निळा होप हिरा निळा आहे तो बोरॉनमुळेच. त्यात निसर्गाने भेसळ केली म्हणायचं का?

सराफांचा ‘हीण’ही आठवला. सोन्यात तांबं मोजूनमापूनच घालतात, पण त्याच शब्दातून ‘हिणकस’ आला, म्हणून तोही नको.

मला ‘विरजण’ फार जवळचा वाटतो. थोडंसंच, मुद्दाम घातलेलं, आणि प्रमाणावर सगळं अवलंबून. बोरॉन बरंच वाढवलं तर हिरा धातूसारखा वागतो. तुमच्या इलेक्ट्रोडमध्ये हेच हवं असतं. 2004 मध्ये तर असा हिरा 4 केल्विनच्या (उणे 269 अंश सेल्सिअसच्या) आसपास अतिसंवाहक, म्हणजे विजेला जराही अडथळा न करणारा, झालेला आढळला. तरी एक अडचण आहे: दही झालं की दूध उरत नाही, हिरा मात्र हिराच राहतो. तेव्हा विरजण कामगारांना समजावताना वापरा, माहितीपत्रकात ‘बोरॉनयुक्त कृत्रिम हिरा’ लिहा. नुसतं ‘डोपिंग’ वाचून लोकांना खेळाडूंची उत्तेजकं आठवतील. पण कारखान्यात यंत्र चालवणारे ‘डोप्ड’च म्हणत असतील, तर पहिल्या उल्लेखाला तोही शब्द शेजारी ठेवा.