आठेच इतलं दुःख शे, तं पैसे बाहेर कसाले?

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून बरेच प्रश्न एकाच विषयावर आलेत, तीन राजांचा सण (बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या तिघांच्या आठवणीचा, जानेवारीतला) आणि त्यात पोरं गोळा करतात ते पैसे. म्हणून बाकीचं सगळं (लग्न, पोलीस भरती आणि तो केळीच्या विम्याचा प्रश्न) पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमचा शहादा तालुक्यातला चर्चचा युवक गट आहे. दरवर्षी नाताळानंतर तीन राजांच्या सणाला आम्ही मुकुट घालून, काठीला कागदाची चांदणी लावून घरोघरी गाणी म्हणत फिरतो आणि डब्यात जे पडेल ते फादरकडे देतो. ते पैसे जगभरातल्या गरीब मुलांसाठी जातात असं सांगतात. यंदा मीटिंगमध्ये त्यावरून भांडणच झालं. एक काका उठून म्हणाले, "आठेच इतलं दुःख शे, तं तठे कसाले धाडतस?" आम्हाला काही बोलताच आलं नाही. धडगाव-अक्कलकुव्यात कुपोषण आहे, आमच्या वस्तीतली कितीतरी घरं आत्ता ऊसतोडीला बारडोलीकडे गेलीयेत, लेकरं पण सोबत. मग खरंच बाहेर का पाठवायचे?

उत्तर : पोरांनो, काकांनी विचारलं ते चांगलंच केलं, 'देव बघतो' वगैरे सांगून त्यांना खाली बसवू नका. पण हे डब्याचं प्रकरण सुरू कसं झालं ते आधी ऐका, कारण ते कोण्या श्रीमंत माणसाच्या डोक्यातून आलेलं नाहीये.

फ्रान्समध्ये लिओं नावाचं रेशमाचं मोठं शहर आहे. तिथे 1822 मध्ये पोलिन जारिको नावाच्या बावीस वर्षांच्या पोरीने कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना धरून एक साधी युक्ती काढली. दहा जणींचा एक गट, प्रत्येकीने आठवड्याला एक सू द्यायचा, म्हणजे तिथली चिल्लरच, आणि एक प्रार्थना म्हणायची, मग दहा गटांचे शंभर, शंभराचे हजार असं वाढवत न्यायचं. आपल्याकडे बायकांची भिशी असते ना अगदी तशीच, फक्त नंबर लागतो तो कधी न पाहिलेल्या माणसाचा. त्यातूनच मिशनच्या कामाला जगभर पैसा पुरवणारी मोठी संस्था उभी राहिली. पुढे नान्सी शहराचे बिशप फोर्बिन-जान्सन तिच्याशी बोलले आणि 1843 मध्ये त्यांनी मुलांसाठी तसंच काहीतरी काढलं, मुलांनीच मुलांना मदत करायची, महिन्याला एक नाणं आणि रोज एक छोटी प्रार्थना. नंतर 1950 मध्ये पोप पायस बारावे यांनी त्याचा जागतिक दिवसच ठरवून दिला, आणि बऱ्याच देशांत तो तीन राजांच्या सणालाच धरतात. पोलिनचं स्वतःचं मात्र पुढे वाईट झालं. कामगारांसाठी आदर्श कारखाना काढायला गेली, त्यात लोकांनी फसवलं, कर्ज फेडता फेडता 1862 मध्ये कंगाल होऊन वारली. चर्चने तिला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते 2022 मध्ये, लिओंलाच. एवढी वर्षं का लागली असा प्रश्न मला पडतो, असो.

आता काकांच्या 'तठे'कडे येते. तुम्ही चांदणी घेऊन फिरता ना, जर्मनीतली पोरंपण तश्शीच फिरतात, 1959 पासून तिथे देशभर ही मोहीम चालते. जानेवारीच्या बर्फात राजे बनून दारोदार गाणी, दारावर खडूने आशीर्वादाची अक्षरं, हातात डबा. दरवर्षी ते एक देश आणि एक विषय समोर ठेवतात आणि 2018 ला तो देश होता भारत, विषय बालमजुरी. म्हणजे आपण ज्यांना 'तठे' म्हणतोय त्या तठल्या पोरांनी आठल्या लेकरांसाठी डबे हलवले. आणि तिकडेही एखादा काका असेलच की, जो म्हणाला असेल, आपल्याच गल्लीत कमी गरीब आहेत का. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल आहे, ते तुमच्या आजी-आजोबांना विचारा, तेही लांबच्या कोणाच्या तरी डब्यातूनच सुरू झालेलं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच की आपण खानदेशातले, त्यातून आदिवासी पट्ट्यातले, म्हणजे कायम घेणाऱ्यांच्याच रांगेत असं सगळ्यांनी गृहीत धरलंय, आपणही. गरिबाने फक्त घ्यायचं, द्यायची त्याची ऐपत नाही, हे दुसऱ्या कोणी परस्पर ठरवून टाकावं यासारखा अपमान नाही. तुमच्या डब्यातले दहा-दहा रुपये दुसऱ्या एखाद्या देशातल्या शाळेला गेले तर तिथली रक्कम फार वाढणार नाही हे मलाही कळतं, पण देणाऱ्यांच्या यादीत शहादा तालुका येतो, आणि मग तिकडून येणारं काही आपल्याला भीक वाटत नाही.

तरी काका हिशोब मागत असतील तर तो त्यांचा हक्क आहे. पैसे चर्चमधून धर्मप्रांताकडे जातात (आपला नाशिक), तिथून या मिशन संस्थेच्या बेंगळुरूतल्या राष्ट्रीय कार्यालयाकडे आणि मग रोमच्या सामायिक निधीत, तिथे निरनिराळ्या देशांचे संचालक एकत्र बसून कुठल्या अर्जाला किती ते ठरवतात. भारत त्यात देतो पण आणि घेतो पण. फादरना सरळ विचारा, यंदा किती जमले, कधी पाठवले, पावती कुठे आहे, आणि ते नोटीस बोर्डावर लावा. चांगले फादर चिडत नाहीत.

आणि दुसरा डबा ठेवा. पहिल्यातले काढून दुसऱ्यात टाकायचे नाहीत हं, लोकांनी ज्यासाठी दिले त्यासाठीच ते जायला पाहिजेत, डबा फिरवतानाच सांगायचं हा जगासाठी आणि हा ऊसतोडीच्या लेकरांसाठी. जी पोरं आजीजवळ मागे राहिलीत त्यांचा संध्याकाळी अभ्यास घ्या, जी गेलीत त्यांची नावं शाळेतून कटली तर नाहीत ना हे हेडमास्तरांना जाऊन विचारा. त्याला पैसे कमी आणि चकरा जास्त लागतात, म्हणून बहुतेक जण पैसेच देतात.

प्रश्न : मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत राहते, बारावीला आहे. आम्ही हिंदू, पण मैत्रिणीच्या चर्चच्या ग्रुपमध्ये मी लहानपणापासून जाते. प्रॉब्लेम असा की मी सावळी आहे म्हणून दरवर्षी मलाच 'आफ्रिकेचा राजा' करतात, वर तोंडाला काजळ फासतात. सगळे हसतात. नाही म्हटलं तर भाव खाते म्हणतात. आणि मी हिंदू असून केलेलं चालतं का?

उत्तर : चालतं की, न चालायला काय झालं! बायबलमधली गोष्टच मुळी परक्या माणसांची आहे. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून मागी म्हणजे ज्ञानी लोक आले एवढंच लिहिलंय, ते यहुदी नव्हते, तरी बाळाला शोधत लांबून ते आले आणि तिथल्या राजाला म्हणजे हेरोदाला पत्ता पण नव्हता. ते तीन होते असं तिथे कुठेही नाही, सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी म्हणून लोकांनी माणसं तीन धरली. राजे नंतर केले आणि त्यातला एक आफ्रिकेचा, एक आशियाचा, एक युरोपचा हे तर अजूनच नंतरचं. त्यामागचा विचार चांगला होता, सगळं जग बाळापाशी आलं असं दाखवायचं होतं. पण भुसावळात त्याचं काय झालं तर सावळ्या पोरीच्या तोंडाला काजळ.

ग्रुपला सांग की चिठ्ठ्या टाका, ज्याला जो राजा निघेल तो. आणि काजळ बंद म्हणजे बंद. जर्मनीतले आयोजकच आता सांगतात तोंड काळं करू नका म्हणून, तर आपल्याला कसली परंपरा राखायचीये. जगातल्या लोकांशी नातं जोडायला निघालेल्या ग्रुपला शेजारच्या पोरीचा चेहरा हसण्यासारखा वाटत असेल तर त्या डब्यात कितीही पडले तरी मला काही कौतुक नाही. तरीही हसले तर तू चांदणी धर, राजा होऊ नको, चांदणीवाला सगळ्यांच्या पुढे चालतो. (गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि कासावलीला सहा जानेवारीला तीन पोरं राजे बनून निघतात, कधी जमलं तर जाऊन बघ. आपल्याकडे चर्चमध्ये हा सण बहुतेक 2 ते 8 जानेवारीमधल्या रविवारी धरतात.)

प्रश्न : आमच्या ग्रुपने डोनेशनसाठी रील बनवलं, नेटवरून उपाशी मुलांचे फोटो घेतले, व्ह्यूज भरपूर आले. सर म्हणाले काढून टाका. का बरं? चाळीसगाव.

उत्तर : सर बरोबर आहेत. धडगावच्या एखाद्या लेकराचा उघड्या अंगाचा, नाक वाहणारा फोटो आईला न विचारता जर्मनीतल्या बसस्टॉपवर लावला तर तुम्हाला कसं वाटेल, तेवढंच बघा. तुमचेच गाणी म्हणतानाचे व्हिडिओ टाका. आणि रीलखाली कोणाचा तरी यूपीआय नंबर टाकलाय तो आधी काढा, चर्चच्या खात्याशिवाय एक रुपया घेऊ नका, असल्या नावाखाली फसवणारे भरपूर आहेत.

प्रश्न : आम्ही धुळ्याचे प्रोटेस्टंट. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) तीन राजांचं एवढं काही नसतं. मग आम्ही काय करायचं?

उत्तर : मार्चचा पहिला शुक्रवार धरा की. जागतिक प्रार्थना दिन, बायकांनी सुरू केलेला, 1927 पासून जगभर पाळतात आणि त्यात कॅथलिक-प्रोटेस्टंट असा भेद नाही. दरवर्षी एका देशातल्या बायका त्या दिवसाची प्रार्थना लिहितात आणि बाकीचे देश तीच म्हणतात. 2024 ला पॅलेस्टाईनच्या बायकांनी लिहिलेली होती, 2025 ला कुक बेटांच्या, 2026 साठी नायजेरियाच्या. तुमच्या मंडळीतल्या महिलांना विचारा, बऱ्याच ठिकाणी त्या प्रार्थनेची पत्रिका येते आणि कपाटात पडून राहते. तो देश नकाशावर कुठे आहे, तिथे सध्या काय चाललंय हे तरुण पोरांनी दहा मिनिटांत सगळ्यांना सांगायचं, गाणी बसवायची, आणि चहाचं महिलांवर ढकलायचं नाही, तो तुम्हीच करायचा.